भरलेल्या इमारतींचे दलाल

मुंबईत दलाल म्हटला की किल्ल्यांचा जुडगा वाजवीत जिना चढणारा आणि जागा पसंत पडण्यापूर्वीच आपल्या दलालीची आठवण करून देणारा इसम डोळ्यांपुढे उभा राहतो. परंतु याच शहरात, नरिमन पॉइंटपासून वांद्रे-कुर्ला संकुलापर्यंत, असाही एक मध्यस्थवर्ग स्थिरावला आहे की ज्याला रिकाम्या जागेचे फारसे सोयरसुतक नसते. भाडेकरूंनी भरलेली अख्खी कचेरी-इमारत, म्हणजे वस्तुतः तिच्या भविष्यातील उत्पन्नावरचा हक्क, विकणे हा त्याचा व्यवसाय.

हिशेब दिसायला सोपा. खर्च वजा जाता वर्षाकाठी ८ कोटी देणारी इमारत शेकडा ८ परताव्यावर संतुष्ट असणाऱ्या ग्राहकाला १०० कोटींची वाटते. तोच ९ टक्क्यांवर अडून बसला की मोल ८९ कोटींच्याही खाली उतरते, आणि या एका टक्क्याच्या घासाघिशीत दलालाची विद्या पणाला लागते. मोठ्या भाडेकरूला मुदतीपूर्वी निघून जाण्याची मुभा कधीपासून आहे, दर तीन वर्षांनी ठरलेली १५ टक्के वाढ खरोखर वसूल झाली की तोंडी सवलतीत विरली, अनामत रक्कम मालकाने खर्चून तर टाकली नाही ना, हे त्याने करारनाम्यातून आणि बँकेच्या उताऱ्यांतून ताडून पाहिलेले असते. निम्मी इमारत व्यापणारा भाडेकरू आठ महिन्यांनी मोकळा होणार असेल, तर मालकाची सुबक बेरीज पहिल्याच बैठकीत कोसळते.

त्यानंतर दस्तऐवज. मिळकत पत्रिका, तीस वर्षांचा शोध, बँकेचा बोजा, भावाभावांतील अपुरी वाटणी, परदेशस्थ बहिणीचे मुखत्यारपत्र! खरेदीखतावर मुंबईत शेकडा ६ मुद्रांक शुल्क पडत असल्यामुळे पुष्कळदा इमारतीऐवजी तिची मालक असलेली कंपनीच विकत घेतली जाते. मग त्या कंपनीची जुनी देणीही तपासणे आले.

उमेदवारीची वर्षे मालकांच्या याद्या करण्यात, दूरध्वनी करण्यात आणि नकार पचविण्यात जातात. दलाली मोठ्या व्यवहारांत शेकडा एकाच्या आसपास, किंबहुना कमीच. आणि तीही सह्या होऊन रक्कम हातात पडल्यावर. वर्षभर खपून जुळविलेला सौदा नोंदणीच्या आदल्या आठवड्यात फिसकटला, तर त्या वर्षाची मिळकत शून्य. म्हणून या धंद्यात बुद्धीपेक्षा चिकाटीचे, आणि चिकाटीपेक्षाही शिलकीचे महत्त्व अधिक, असे माझे मत आहे.

राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने २००५ मध्ये ७०२ कोटींना डीएलएफला विकलेली मुंबई टेक्स्टाइल मिलची जमीन २०१२ मध्ये लोढांनी २,७२७ कोटींना घेतली, तेव्हा मोठ्या भांडवलाची भूक सर्वांनाच कळली. सेबीने २०१४ मध्ये स्थावर गुंतवणूक न्यासांचे नियम केले, २०१९ मध्ये एम्बसीचा पहिला न्यास शेअरबाजारात आला, आणि कचेऱ्यांचे भाडे सामान्य गुंतवणूकदारालाही विकत मिळू लागले. बड्या खरेदीदारांच्या पदरी आता स्वतःचेच जाणकार असतात. त्यांच्यापुढे दलालाचे काम बहुधा चार बोलीदारांत चुरस लावण्यापुरतेच उरते.

त्याची खरी मिरास आहे ती मध्यम आकाराच्या, कौटुंबिक मालकीच्या इमारतींत, जिथे थोरल्या काकांचे मन वळविण्यास तक्ते उपयोगी पडत नाहीत. २०२४ मध्ये सेबीने ५० ते ५०० कोटींच्या मालमत्तांसाठी लघु व मध्यम न्यासांची वाट मोकळी केल्यापासून नेमक्या याच इमारतींना नवे ग्राहक मिळू लागले आहेत, आणि काकांच्या दिवाणखान्यातील दलालाच्या खेपाही वाढल्या आहेत.