खोट्या उडीची खरी गंमत

उठा बघू जरा! अंक ठेवा बाजूला, खळ्यात या आणि जागच्या जागी जीव खाऊन एक उंच उडी मारा. मारलीत? आता सांगा, किती वर गेलात?

“खूप!” हे काही उत्तर झालं नाही. ताईला नाहीतर दादाला मोबाइल घेऊन समोर उभं करा आणि उडीचा व्हिडिओ काढा. मग तो एकेक चित्र पुढे सरकवत बघा. मोबाइल साधारणपणे सेकंदाला ३० चित्रं टिपतो. पाय जमिनीवरून सुटल्यापासून पुन्हा टेकेपर्यंत १५ चित्रं भरली, तर तुम्ही अर्धा सेकंद हवेत होतात. आता या सेकंदांना त्याच सेकंदांनी गुणा आणि आलेल्या उत्तराला १२२ ने गुणा. झाली उंची, सेंटिमीटरमध्ये! अर्ध्या सेकंदाचं उत्तर येतं साधारण ३०. म्हणजे दप्तरातली एक फूटपट्टी.

एवढीशीच? हो, एवढीशीच. पृथ्वीची ओढ कुणाचे लाड करत नाही. रत्नागिरीत असा, नाहीतर टोकियोत.

पण टोकियोचं नाव काढलंच आहे, तर तिकडच्या एका टोपीवाल्याचा हिशेब करू या.

गुरूपेक्षा जड जग

१९८५ साली जपानच्या निन्टेंडो कंपनीने ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा खेळ आणला. तो घडवणाऱ्यांमधलं मुख्य नाव शिगेरू मियामोतो. त्यातला मोठा मारिओ दोन ठोकळ्यांएवढा उंच असतो आणि उभ्या उभ्या चार ठोकळे उंच उडतो. म्हणजे स्वतःच्या दुप्पट! आपण त्याची उंची दीड मीटर धरू. मग उडी झाली तीन मीटरची. पृथ्वीवर कुणी तीन मीटर उडालं, तर वर जाऊन खाली यायला दीड सेकंदाहून थोडा जास्त वेळ लागेल. मारिओ मात्र एका सेकंदाच्या आत खाली हजर!

गणित मांडलं तर त्याच्या जगातली ओढ आपल्या साधारण तिप्पट निघते. गुरू ग्रहावरची ओढ आपल्या अडीच पट आहे. म्हणजे हा गडी गुरूपेक्षा जड जगात राहतो आणि तरी स्वतःच्या दुप्पट उडतो. शाळेत असं उत्तर लिहिलंत, तर बाई लाल पेनाने गोल करतील.

लबाडी इथेच संपत नाही. मारिओ वर जाताना सावकाश जातो आणि खाली येताना झपकन येतो, कारण वर जाताना वेगळी ओढ आणि खाली येताना वेगळी! शिवाय बटण दाबून धरलं की उंच उडी, नुसतं टिचकावलं की बुटकी. तुम्ही खळ्यात मारलेली उडी आठवा. पाय सुटल्यावर ती लांबवता आली का? आखडता आली का? छे! खरी उडी जमिनीवरच ठरते.

माझं मत विचाराल, तर मारिओच्या खेळातली सगळ्यात भारी गोष्ट नाणी नाहीत, राजकन्या नाही, तो कासवासारखा राक्षसही नाही. सगळ्यात भारी आहे ती ही खोटी उडी. उडताना आपल्याला जसं वाटतं, तशी ती आहे. खऱ्या उडीत जसं होतं, तशी नाही.

एका फोटोत पंचाहत्तर मारिओ

तुमच्या आईबाबांनी बहुतेक हा खेळ ‘टीव्ही गेम’वर खेळला असेल. नव्वदच्या दशकात सुट्टी लागली की ज्याच्या घरी टीव्ही गेम, त्याच्या घरी सगळी वाडी गोळा. डब्याला दोन रिमोट, वर खुपसायची कॅसेट, आणि “आता माझा नंबर!” म्हणून भांडणं. तो डबा बहुतेक वेळा जपानी यंत्राची नक्कल असायचा. तिकडचे टीव्ही सेकंदाला ६० वेळा चित्र रंगवायचे, आपले ५०. साठच्या हिशेबाने लिहिलेला खेळ पन्नासवर चालवला की तो सहाव्या हिश्शाने हळू चालतो. म्हणजे आपल्याकडचा मारिओ जरा जेवून सुस्तावलेला!

आता धक्का बसेल असा आकडा. तो अख्खा खेळ, बत्तीस टप्पे, संगीत, शत्रू, किल्ले सगळं धरून, फक्त ४० किलोबाइटचा होता. मोबाइलने रत्नागिरीच्या थिबा राजवाड्याचा एक फोटो काढलात, तर तो सहज तीन हजार किलोबाइटचा होतो. तेवढ्या जागेत पंचाहत्तर मारिओ मावतील.

हे कसं जमवलं? आपल्याकडे घर बांधतात तसं. जांभ्याचे चिरे सगळे सारख्या मापाचे, पण त्यांतून भिंत होते, पायऱ्या होतात, विहिरीचा कठडाही होतो. खेळातही ८ ठिपके लांब, ८ ठिपके रुंद असे चौकोनी तुकडे आधी रंगवून ठेवायचे आणि तेच पुन्हा पुन्हा रचायचे. इतकी काटकसर की आकाशातला ढग आणि जमिनीवरचं झुडूप हा एकच आकार आहे. पांढरा रंगवला की ढग, हिरवा रंगवला की झुडूप! हे कळल्यावर खेळ पुन्हा बघा. ढगात झुडूप दिसायचं काही थांबत नाही.

आणि शत्रू फार झाले की ते लुकलुकायला का लागतात? ते यंत्र एका आडव्या ओळीत हलते तुकडे जास्तीत जास्त आठच दाखवू शकायचं. नववा आला की तो दिसेनासा. मग प्रोग्रॅमर युक्ती करायचे: या चित्रात एकाला लपवायचं, पुढच्या चित्रात दुसऱ्याला. सगळे आळीपाळीने दिसतात, म्हणून लुकलुक.

माझी आवड, माझी नावड

आता थोडी भांडणाची तयारी ठेवा, कारण मी मतं सांगणार आहे.

‘कॉन्ट्रा’ मला फार आवडतो. जपानच्याच कोनामी कंपनीचा हा खेळ १९८७ साली आला. दोघे मित्र बंदुका घेऊन धावतात आणि उडी मारली की हवेत कोलांट्या खातात. एक गोळी लागली की एक जीव खल्लास, आणि जीव फक्त तीन. पण हवेत असताना आपण दिशा बदलू शकतो, म्हणून मेलो तरी राग स्वतःचाच येतो. शिवाय त्यात गुप्त मंत्र आहे: वर, वर, खाली, खाली, डावं, उजवं, डावं, उजवं, बी, ए. दाबला की तीस जीव! हा मंत्र आधी १९८६ च्या ‘ग्रेडियस’ खेळात आला. तो घडवणाऱ्या काझुहिसा हाशिमोतो यांना खेळ तपासायला फार अवघड जात होता, म्हणून त्यांनी स्वतःच्या सोयीसाठी ही पळवाट ठेवली आणि ती तशीच राहून गेली. करणाऱ्यालाच खेळ जड जातो, हे ऐकून मला केवढा धीर आला!

‘घोस्ट्स अँड गॉब्लिन्स’ मात्र मला नाही आवडत. चिलखत घातलेला शिपाई आणि त्याच्या मागे लागलेली भुतं. इथे उडी मारली की मारली. हवेत दिशा बदलत नाही. हे विज्ञानाला धरून आहे, अगदी बरोबर. पण बरोबर असूनही खेळताना हात बांधल्यासारखे वाटतात.

मग खरी उडी खेळात चालतच नाही का? चालते की! १९८९ चा ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ बघा. जॉर्डन मेकनर यांनी आपल्या धाकट्या भावाला, डेव्हिडला, पांढरे कपडे घालून गाड्यांच्या मोकळ्या तळावर पळायला आणि उड्या मारायला लावलं. त्याचा व्हिडिओ काढला आणि चित्रामागून चित्र ठेवून त्यावरून राजपुत्र रेखाटला. तुम्ही मघाशी खळ्यात केलंत, तेच! राजपुत्र पळायला लागला की लगेच थांबत नाही, उडीआधी त्याला पावलं मोजावी लागतात. तो जड वाटतो, पण कड्याला लटकला की आपल्याच बोटांना कळ लागते. इथे खरी उडी जमली, कारण सगळा खेळच तिच्या मापाने बांधलाय.

अलीकडे काही जण मुद्दाम जुन्या धाटणीचे खेळ करतात. ‘शव्हल नाइट’ हा २०१४ चा खेळ ठिपकेदार चित्रांचा आहे, पण ती लुकलुक त्यात नाही आणि मोजके जीवही नाहीत. हरलात तर थोडं सोनं सांडतं, परत जाऊन उचलायचं. जुन्यातलं चांगलं ठेवलं आणि छळ काढून टाकला. मला हे पटतं.

सगळ्यांत लाडका मात्र २०१८ चा ‘सेलेस्ट’. डोंगर चढणाऱ्या मुलीची गोष्ट. हा खेळ महाकठीण, पण मनाने प्रेमळ. कड्यावरून पाय सुटल्यावरही सेकंदाच्या दहाव्या हिश्शाएवढा वेळ तो तुम्हाला उडी मारू देतो! का? कारण डोळ्यांनी पाहून बोट हलायला माणसाला जवळजवळ पाव सेकंद लागतो. आपल्याला वाटतं, “मी वेळेत दाबलं होतं!” आणि खेळ म्हणतो, “बरं बाबा, तुझं खरं.” (गडग्यावर याचा प्रयोग करू नका. गडगा असं काही म्हणणार नाही.)

आपल्या महाराष्ट्रातही उड्यांचे खेळ बनतात बरं का! पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या गटाने २०२० साली ‘राजी’ हा खेळ जगभर आणला. भावाला शोधायला निघालेली राजी भिंतींवरून पळते, खांबांवर चढते. तो जुन्या धाटणीचा नाही. भिंतींवरची चित्रं आणि सावल्यांच्या बाहुल्यांची गोष्ट बघण्यासारखी आहे. लढाईपेक्षा मला तिचं चढणं-उडणंच जास्त आवडलं.

आता तुमची पाळी: निवटीचा खेळ

तुम्हालाही असा खेळ करता येईल. नायक कोण? आपली निवटी! ओहोटीला भाट्याच्या खाडीत चिखलावर उड्या मारणारा हा मासा तुम्ही पाहिला असेल. डोळे डोक्याच्या वर, पुढच्या परांवर चालायचं आणि शेपटीचा फटका मारून टुणकन उडी. खेळासाठीच जन्मल्यासारखी!

‘स्क्रॅच’ नावाचा प्रोग्रॅम फुकट मिळतो. त्यात निवटी काढा आणि एक आकडा ठेवा: ‘उभा वेग’. बटण दाबलं की तो १२ करा. दर चित्राला निवटीला तेवढे ठिपके वर सरकवा आणि वेगातून १ वजा करा. १२, ११, १०… असं १ पर्यंत. बेरीज ७८. चिरा ४० ठिपक्यांचा काढलात, तर निवटी जवळजवळ दोन चिरे उंच उडेल.

आता लबाडी. वेग शून्य झाला की दर चित्राला १ ऐवजी २ वजा करा. निवटी झपकन खाली येईल. मग १ आणि २ च्या जागी दुसरे आकडे घालून बघा. एका आकड्याने ती फुगा होते, दुसऱ्याने दगड, आणि मधेच कुठेतरी अचानक जिवंत होते. तो आकडा पुस्तकात छापलेला नाही, तो तुमच्या बोटांनाच सापडेल.

हीच माझी खेळ जोखायची पद्धत आहे. नवा खेळ मिळाला की मी आधी शत्रूंकडे बघत नाही, नाणी गोळा करत नाही. मोकळी जागा बघून मिनिटभर नुसत्या उड्या मारतो. तेवढ्यावर मजा आली, तर चित्रं चौकोनी असोत की चकचकीत, खेळ जमला म्हणायचा. आणि कंटाळा आला, तर त्या खेळाला पुढे हजार टप्पे असले तरी मी बंद करतो. तुम्हीही करून बघा, आणि माझं मत पटलं नाही तर खुशाल भांडा!