तंत्रशिक्षण आणि गावातील रोजगार : मंडणगड तालुक्याचा विचार

रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकास, बाणकोट खाडीच्या दक्षिणेस मंडणगड तालुका वसलेला आहे. डोंगरउतारावरील वरकस जमीन, भाताची लहान खाचरे आणि आंबा-काजूच्या बागा, असे येथील शेतीचे स्वरूप आहे. एवढ्यावर कुटुंबाचा निर्वाह होत नाही, म्हणून येथील तरुण पिढ्यान्‌पिढ्या मुंबईची वाट धरीत आले. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत शिकलेल्या मुलासही तीच वाट धरावी लागणार असेल, तर त्या शिक्षणाचा गावास लाभ कोणता, असा प्रश्न पालकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे.

प्रमाणपत्र ही पहिली पायरी

कारागीर प्रशिक्षण योजना देशात १९५० साली सुरू झाली. फिटर व इलेक्ट्रिशियन हे अभ्यासक्रम दोन वर्षांचे, तर वेल्डर व डिझेल मेकॅनिक हे एक वर्षाचे आहेत. या काळात विद्यार्थ्याच्या हातास वळण लागते व मोजमाप अचूक घेता येऊ लागते. तथापि गिऱ्हाइकाचे बंद पडलेले यंत्र वेळेत सुरू करून देणे, कामाचा दर ठरविणे आणि उधारी वसूल करणे या गोष्टी प्रत्यक्ष कामावरच शिकता येतात.

शिकाऊ उमेदवारीचे महत्त्व

याच हेतूने १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा करण्यात आला. तीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांस या कायद्याने शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक असून उमेदवारास विद्यावेतन मिळते. मंडणगडच्या तरुणास खेड तालुक्यातील लोटे आणि रायगड जिल्ह्यातील महाड ही औद्योगिक क्षेत्रे त्या मानाने जवळ आहेत. प्रमाणपत्र मिळताच ही उमेदवारी पुरी करणाऱ्यास नोकरी व स्वतंत्र धंदा हे दोन्ही मार्ग खुले होतात. ती टाळणाऱ्याचे प्रमाणपत्र मात्र पुष्कळदा पेटीतच राहते.

गावातील गरज ओळखावी

३ जून २०२० रोजी आलेल्या ‘निसर्ग’ चक्रीवादळाने मंडणगड व दापोली तालुक्यांतील बागा आडव्या केल्या, घरांची छपरे उडविली व विजेचे खांब पाडले. अनेक गावे कित्येक दिवस अंधारात राहिली. जाणत्या कारागिराची गावाला किती गरज असते, हे त्या संकटाने दाखवून दिले. एरव्हीही पाण्याचे पंप, पॉवर टिलर, गवत कापणी यंत्रे, काजू प्रक्रियेची यंत्रे व होड्यांची इंजिने यांची दुरुस्ती वर्षभर चालूच असते. ऐन लावणीच्या दिवसांत यंत्र बंद पडले आणि कारागीर तालुक्याबाहेरून आणावा लागला, तर शेतकऱ्याचे मोलाचे दिवस वाया जातात.

भांडवलाची सोय

अवजारे व लहान दुकान यांसाठी पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमातून बँकेमार्फत कर्ज मिळू शकते. ग्रामीण भागात पात्र प्रकल्पास खर्चाच्या २५ टक्के आणि महिला, अनुसूचित जाती-जमाती व अन्य विशेष गटांस ३५ टक्के अनुदान आहे. वीजजोडणीची कामे करू इच्छिणाऱ्याने मात्र आवश्यक तो परवाना आधी मिळवावा.

सारांश, तंत्रशिक्षणाने चरितार्थाचा पाया घातला जातो. त्यावर घर उभारण्यासाठी उमेदवारी, परवाना व भांडवल यांची जोड हवी. अभ्यासक्रम निवडताना पालकांनी केवळ गुणांकडे न पाहता आपल्या पंचक्रोशीत कोणती यंत्रे चालतात व ती कोण दुरुस्त करतो, याची आधी चौकशी करावी. असा विचारपूर्वक शिकलेला तरुण मुंबईस गेला तरी अंगच्या कसबावर उभा राहील, आणि गावी राहिला तर शेतीचाच आधार होईल.