निर्यातीच्या भेंडीसाठी प्रवासाचा हिशेब

मुंबई ते लंडन हे हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आहे. थेट विमानास साधारण साडेनऊ ते दहा तास लागतात. वारा व हवाई मार्गानुसार ही वेळ कमी-जास्त होते.

वेळापत्रक वाचताना मात्र फसगत होते. समजा, हिवाळ्यात दुपारी २ वाजता विमान निघाले. दहा तासांनी ते पोचेल तेव्हा लंडनमध्ये सायंकाळचे साडेसहा वाजलेले असतील, कारण तेथील घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असते (उन्हाळ्यात साडेचार तास). कागदावर साडेचार तास दिसले तरी भेंडीचे दहा तास खर्च झालेले असतात.

शिवाय काढणी, प्रतवारी, पॅकिंग, विमानतळापर्यंतचा रस्ता, पीक आरोग्य तपासणी व कस्टम यांचा वेळ वेगळाच. विमान बदलावे लागल्यास थांब्याचे तासही मिळवावेत. एकूण दीड दिवस सहज जातो.

काढणीनंतरही भेंडीचे श्वसन चालूच असते. उष्णतेने ते वाढते, पाणी उडते व शेंगा सुकतात. म्हणून पुढील काळजी घ्यावी :

१) काढणी सकाळी लवकर करून माल सावलीत ठेवावा.
२) पॅकहाऊसमध्ये त्वरित पूर्वशीतकरण करावे.
३) तापमान ७ ते १० अंश सेल्सिअस व आर्द्रता ९० ते ९५ टक्के राखावी. ७ अंशांखाली शेंगांना थंडीची इजा होते.

उड्डाणाच्या वेळेपासून उलटे तास मोजून काढणीची वेळ ठरवावी.