संगणक लवकर जागा व्हावा म्हणून

घरचा संगणक चालू करावा अन् चहा उकळेपर्यंत वाट बघावी, असे का होते? विंडोज जागी झाली, की तिच्यामागून न बोलावलेले प्रोग्रामही उठतात. विंडोज १० किंवा ११ असेल, तर कंट्रोल, शिफ्ट, एस्केप ही बटणे एकदम दाबा. 'स्टार्टअप'ची यादी काढा. नको त्या नावावर माउसचे उजवे बटण दाबून 'डिसेबल' करा. प्रोग्राम पुसला जात नाही, बरं का! व्हायरस रोखणारा मात्र राहू द्या.

तरीही रेंगाळतो? मग आत बहुधा हार्ड डिस्क असेल. तिची तबकडी मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेते, तरी मजकूर शोधायला वेळ लागतोच. एसएसडीत फिरणारे काहीच नसते. आम्ही म्हणू, नव्या संगणकाच्या खर्चात पडण्याआधी डिस्कच बदलून बघा. त्याआधी घरचे फोटो, कागद पेनड्राइव्हवर उतरवून घ्यावेत.