वर्षावासातले ताट : भात किती, डाळ किती?

आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू झाला की आपल्या वस्त्यांतल्या पुष्कळ घरांत मटण-मासळी बंद होते, ती थेट अश्विन पौर्णिमेपर्यंत. सकाळ-संध्याकाळ वंदना होते, विहारात ग्रंथवाचन चालते, दर पौर्णिमेला उपोसथ पाळला जातो. हे सारे आनंदाचेच आहे. पण या तीन महिन्यांत आपल्या ताटात नेमके काय बदलते? ताटातून मटण गेले आणि त्याच्या जागी बटाटा आला. सुकट-बोंबील गेले, त्यांच्या जागी लोणचे आले. कालवण नाही म्हणून घास उतरत नाही, मग भात वाढला. वरण आहे, पण घरात माणसे सात आणि डाळ दोन मुठी, म्हणून वरणात तांब्याभर पाणी जास्त. पोट भरते, पण अंगाला लागत नाही.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, म्हणजे गैरसमज नको. शाकाहार श्रेष्ठ आणि मांसाहार हीन, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. माणसाच्या ताटावरून त्याची पायरी ठरवण्याचा धंदा या देशात फार झाला. भिक्खूंना मासे-मांस कायमचे बंद करावे अशी मागणी देवदत्ताने केली, तेव्हा भगवंतांनी ती मान्य केली नाही, हे विनयपिटकात नोंदलेले आहे. कोणी वर्षावासापुरता शाकाहार घेतो, कोणी बारा महिने घेतो, कोणी घेत नाही. ज्यांनी घेतला आहे त्यांचे ताट नीट असावे, एवढ्यासाठीच हा लेख.

प्रमाणात जेवण्याचा विषय आपल्याला परका नाही. 'भोजने मत्तञ्ञुता' म्हणजे जेवणातली मात्रा ओळखणे, ही भगवंतांनी वारंवार सांगितलेली शिकवण. संयुत्तनिकायात कोसलचा राजा पसेनदी याची गोष्ट आहे. हा राजा द्रोणभर भात खायचा. हा आपला पानांचा द्रोण नव्हे बरे, धान्य मोजायचे ते मोठे माप होते! एकदा असाच भरपेट जेवून, धापा टाकत तो भगवंतांकडे आला. भगवंतांनी त्याला मात्रेविषयी एक गाथा सांगितली. राजाने सुदस्सन नावाच्या तरुणाला ती पाठ करायला लावली आणि आपण जेवायला बसलो की रोज म्हणून दाखव, असे सांगितले. पुढे तो हळूहळू एका नाळीच्या मापावर आला. द्रोणापुढे नाळी अगदी लहान माप. या गोष्टीत आम्हाला 'हळूहळू' हा शब्द महत्त्वाचा वाटतो. राजाने भात एका दिवसात टाकला नाही, आणि आठवण करून द्यायला जवळ माणूस ठेवला. आपल्या घरात हे काम पोरे हौसेने करतील.

आता आकड्यांकडे वळू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली नवी आहार-मार्गदर्शिका काढली. साधारण २००० उष्मांक लागणाऱ्या शाकाहारी माणसासाठी त्यात दिवसाचे माप दिले आहे ते असे : तृणधान्ये २५० ग्रॅम, डाळी-कडधान्ये ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळ १०० ग्रॅम, दूध किंवा दही ३०० मिलिलिटर, शेंगदाणे-तिळासारख्या तेलबिया आणि सुका मेवा ३५ ग्रॅम, तेल-तूप २७ ग्रॅम. डाळ-तांदळाची मापे शिजवण्याआधीची, कोरडी आहेत. हमाली, बांधकाम, शेतमजुरी करणाऱ्याला याहून जास्त लागते आणि त्याने भाकरी जास्त खावी, त्यात काही चूक नाही.

हा तक्ता वाचून भगिनी म्हणतील, तीनशे मिलिलिटर दूध आणि पस्तीस ग्रॅम दाणे माणशी रोज? पगार कोणाचा? त्यांचे म्हणणे खरे आहे. म्हणून आम्ही हा तक्ता मजुरीवर चालणाऱ्या घराच्या बेतात बसवून पाहिला.

पंचावन्न किलो वजनाच्या बाईला दिवसाला ४६ ग्रॅम प्रथिने लागतात, पासष्ट किलोच्या पुरुषाला ५४. समजा बाईने दिवसभरात दोन ज्वारीच्या भाकरी खाल्ल्या, म्हणजे साधारण १६५ ग्रॅम पीठ, आणि ८५ ग्रॅम तांदळाचा भात खाल्ला. भाकरीतून १६ ग्रॅम प्रथिने मिळाली, भातातून ६. डाळ आणि उसळ मिळून ६० ग्रॅम कोरडा जिन्नस पोटात गेला, त्यातून १३. एक मूठ शेंगदाणे, म्हणजे ३० ग्रॅम, त्यातून ७. भाजीपाल्यातून ४. बेरीज ४६. दूध फक्त चहापुरते असले तरी गरज भागली.

आता दुसरे ताट पाहा. पाव किलो तांदळाचा भात, बटाट्याची भाजी आणि पाणीदार वरण, ज्यात तिच्या वाट्याला जेमतेम १५ ग्रॅम डाळ आली. बेरीज पंचविसाच्या आसपास अडकते. दोन्ही ताटांत धान्य तितकेच, पोटही दोन्हींनी भरते. फरक आहे तो डाळ आणि दाण्यांचा. शिवाय धान्यातल्या प्रथिनांत जे कमी असते ते डाळीत असते आणि डाळीत जे कमी ते धान्यात, म्हणून दोन्ही एकत्र खाल्ली की अंगी लागतात. तीन वाटे धान्याला एक वाटा डाळ, असे कोरडे माप पोषण संस्था सांगते.

हे दुसरे ताट कोणाचे, ते सांगायला नको. सर्वांना वाढून झाल्यावर जी बसते तिचे. घट्ट वरण कामावरून आलेल्या माणसाला, उसळ मुलांना, आणि पातेल्यात पाणी घालून पुरवलेले तिला. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या दर शंभर स्त्रियांपैकी ५७ जणींना रक्तक्षय आढळला. मटण-मासळी चालू असते तेव्हा त्यातले लोह चटकन अंगी लागते. पालेभाजीतले तितके लागत नाही. म्हणून शाकाहाराच्या दिवसांत बाईच्या ताटाकडे जास्त लक्ष हवे. पालेभाजी आणि उसळीवर लिंबू पिळावे. जेवणावर लगेच चहा घेऊ नये, तास-दीड तास जाऊ द्यावा, कारण चहा लोह अडवतो. आणि सोपा उपाय म्हणजे वरण-उसळ आधी सगळ्यांच्या वाट्यांत मोजून काढावी, आईच्यासुद्धा, आणि मग जेवायला बसावे. समतेचा विचार सांगणाऱ्या घरात पळी सर्वांना सारखी फिरायला हवी.

मापायचे कसे? वजनकाटा लागत नाही. घरातली एक वाटी घ्या, किराणा दुकानदाराकडे त्यात डाळ भरून एकदा तोलून आणा. वाटीत किती ग्रॅम बसतात ते कळले की ती वाटी डाळीच्या डब्यातच ठेवावी. भाकरीचे वजन काढायची युक्ती अशी, की एक किलो पिठात भाकरी किती होतात ते मोजा. बारा झाल्या तर एक भाकरी ८३ ग्रॅमची. चपात्या तीस झाल्या तर एक चपाती ३३ ग्रॅमची. म्हणजे 'मी दोनच भाकरी खातो' म्हणणारा पाच चपात्या खातो आहे! मटकी-चवळी मापताना कोरडी मापावी. मोड आल्यावर ती फुगून दुप्पट दिसते आणि आपण फसतो.

पाच माणसांचे घर धरा. तीन मोठ्यांना ६० ग्रॅमप्रमाणे आणि दोन मुलांना ४० ग्रॅमप्रमाणे दिवसाला २६० ग्रॅम डाळ-कडधान्य लागते. महिन्याला पावणेआठ किलो. आकडा मोठा वाटतो. पण मटण-मासळीचे पैसे या तीन महिन्यांत वाचतात, ते जातात कुठे? बहुतेक घरांत ते फरसाणात, तळणात आणि साबुदाण्यात जातात. उपवास सोडून पिढ्या झाल्या, पण साबुदाणा काही सुटला नाही! साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. शंभर ग्रॅममध्ये एक ग्रॅमसुद्धा प्रथिने नाहीत. त्याच्या खिचडीत जे काही सत्त्व आहे ते दाण्याच्या कुटाचे. वाचलेला पैसा डाळीच्या डब्यात गेला पाहिजे. तूरडाळच हवी असेही नाही. मसूर, हरभरा, मटकी, हुलगे, चवळी जे स्वस्त मिळेल ते आलटून पालटून घ्यावे. सोयाबीनच्या वड्यांत वजनाच्या निम्मी प्रथिने असतात. भाजीत माणशी मूठभर टाकल्या तरी मोठा आधार होतो.

भाज्यांचे ४०० ग्रॅमही जड वाटतात. पण वर्षावास म्हणजे पावसाळा, आणि पावसाळ्यात टाकळा, कुर्डू, शेवग्याचा पाला यांवर पैसा फारसा जात नाही. आपल्या आज्या हे सारे ओळखून आणायच्या. ओळख नसेल तर मात्र रानातले तोडून आणू नये, बाजारातूनच घ्यावे, आणि पावसाळ्यातली पालेभाजी दोन-तीन पाण्यांतून धुऊन नीट शिजवावी. ताटात भाजी निम्मी जागा व्यापते का, एवढे पाहिले तरी पुरे. बटाटा या निम्म्यात धरायचा नाही. तो भाताचा भाऊ आहे.

तेलाचा हिशेब मापाने नव्हे, पिशवीने करावा. माणशी दिवसाला २७ ग्रॅम म्हणजे महिन्याला साधारण आठशे ग्रॅम. पाच माणसांच्या घरात महिन्याला लिटरच्या साडेचार पिशव्यांच्या वर गेले, तर तळण जास्त झाले असे समजावे.

लहान मुलांना मात्र हा 'कमी खा'चा नियम लावू नये. त्यांचे पोट लहान, म्हणून थोडे थोडे आणि अनेकदा द्यावे. वरणभातावर चमचाभर तेल किंवा तूप, हातात दाण्याचा लाडू. आजी-आजोबांचा भात कमी झाला तरी डाळ कमी करू नये. ज्यांनी मांस-मासे-अंडी कायमची सोडली आणि दूध-दहीही फारसे नाही, त्यांना बी-१२ जीवनसत्त्व कमी पडते. हातापायांना मुंग्या येणे, थकवा असे काही असेल तर दवाखान्यात रक्त तपासून घ्यावे. तीन महिन्यांच्या शाकाहाराने हे होत नाही.

साखरेच्या आजाराविषयी स्वतंत्र सांगायला हवे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीत देशातले मधुमेही दहा कोटींवर असल्याचे दिसले. हा श्रीमंतांचा आजार राहिलेला नाही, आपल्या चाळीत घरोघर गोळ्यांची पाकिटे दिसतात. बाबासाहेबांनाही मधुमेहाने फार छळले. १९४८ नंतर डॉ. सविता आंबेडकर त्यांची पथ्ये सांभाळत. अशा माणसाने आधी भाजी आणि उसळ खावी, भात शेवटी आणि थोडा घ्यावा. पण गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना भात-भाकरी एकदम निम्मी करू नये, साखर अचानक उतरून घेरी येते. डॉक्टरांना सांगून गोळीचे माप आणि भाताचे माप बरोबरीने बदलावे.

हेच उपोसथाला लागू. अष्टशील घेणारे दुपारी बारानंतर जेवत नाहीत, आणि म्हणून संध्याकाळचेही दुपारीच उरकून घेणारे आम्ही पुष्कळ पाहिले आहेत. साडेअकराला दुप्पट जेवायचे आणि मग धम्मदेसनेला पेंगायचे! नेहमीचे एका वेळचे ताट तेवढेच ठेवावे, त्यात उसळ जास्त घ्यावी. मधुमेही, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या भगिनींनी संध्याकाळचे जेवण चुकवू नये.

समाप्तीच्या भोजनदानात पुरी, जिलेबी आणि मसालेभात असतोच. एक दिवस कोणाचे काही बिघडत नाही. तरी विहार समितीच्या कार्यकर्त्यांना दोन सूचना. बेतात मटकीची किंवा हरभऱ्याची उसळ घालावी, आणि खीर डावाने न वाढता वाटीने वाढावी. ज्याला हवी तो पुन्हा मागेल.