टॅबला कीबोर्ड घेताना

मागच्या बैठकीत एका गटाच्या सचिवताई म्हणाल्या, "इतिवृत्त टॅबवर लिहायला लागले, पण काचेवर बोट टेकवत दोन पानं लिहायची म्हणजे मान धरते. वेगळा कीबोर्ड घ्यावा का?" घ्यावा. फक्त आमच्यासारखी घाई करू नका.

आम्ही पहिल्यांदा घेतला तो कव्हरला जोडलेला. दिसायला डायरीसारखा, पर्समध्ये मावणारा. घरी आल्यावर शिवणाची टेप लावली तेव्हा कळलं. नेहमीच्या मोठ्या कीबोर्डवर एका बटणाच्या मधोमधून शेजारच्या बटणाच्या मधोमधपर्यंत साधारण 19 मिलिमीटर अंतर असतं. एका ओळीत 14-15 बटणं, म्हणजे 27-28 सेंटिमीटर जागा लागते. आमचा 7 इंची टॅब आडवा धरला तरी 19 सेंटिमीटरच्या आसपास. तेवढ्यात सगळी बटणं कोंबायची, तर दोन बटणांतलं अंतर 13 मिलिमीटरवर येतं. भाकरी थापणारी आपली बोटं, एका वेळी दोन बटणं दाबली जायची! तो कीबोर्ड आता कपाटात पडून आहे.

म्हणून टॅब छोटा असला तरी कीबोर्ड टॅबच्या मापाचा घेऊ नका, हाताच्या मापाचा घ्या. सुटा घ्या.

आता मराठीचं. सरकारी संगणकांवर असते ती इनस्क्रिप्ट मांडणी आपल्यापैकी पुष्कळजणी शिकल्यात. तिच्यात स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. इंग्रजीत जिथे अर्धविराम आणि अवतरणचिन्ह असतं, तिथे आपला च आणि ट. त्यांच्या वर, कंसाच्या बटणावर ड. छोट्या कीबोर्डमध्ये नेमकी हीच उजव्या कडेची बटणं बारीक करतात किंवा दुसरं बटण दाबून धरल्याशिवाय उमटत नाहीत. इंग्रजी लिहिणाऱ्याचं काही अडत नाही. आपल्याला मात्र 'बचत गट' लिहायचं तरी च आणि ट दोन्ही लागतात. ती कड आधी बघा.

दुकानात जाताना टॅब सोबत न्या. कीबोर्ड जोडला की काचेवरचा कीबोर्ड सहसा नाहीसा होतो, आणि काही टॅबवर मग फक्त इंग्रजीच उमटतं. दुकानदार "सगळं चालतं ताई" म्हणेल. त्याच्यासमोरच गटाचं नाव मराठीत लिहून बघा, मगच पैसे द्या. बटणांवर मराठी अक्षरं नसली तर चिकटवायचे स्टिकर मिळतात, त्यासाठी अडून बसू नका.

जोडणी ब्लूटूथची असावी. काही कीबोर्डना यूएसबीत खोचायचा इवलासा तुकडा असतो. टॅबला तो लावायला वेगळी पिन लागते, चार्जिंगची जागा अडते, आणि तुकडा हरवला की कीबोर्ड निकामी.

सेलवर चालणारा की चार्जिंगचा, यावर आमच्यात दोन तट आहेत. जिथे वीज बेभरवशाची, तिथे आम्ही सेलवाल्याच्या बाजूने. पेन्सिल सेल गावच्या दुकानातही मिळतो.

घडीचा कीबोर्ड मात्र जपून. टेबलावर छान चालतो, पण आपल्या बैठका सतरंजीवर. मांडीवर घेतला की मधल्या बिजागरीत वाकतो. आमच्या सचिवताई आता पाटावर ठेवून लिहितात.