बाजेजवळ बसलेल्या बाईची विचारपूस

निलंग्याच्या वस्त्यांत आम्ही घरभेटीला जातो. मोटारसायकलवरून पडून किंवा बांधकामावरून कोसळून डोक्याला जबर मार लागलेला माणूस दवाखान्यातून घरी आणलेला असतो. येणारा प्रत्येक जण विचारतो, "आता कसं हाय त्यांचं?" बाजेजवळ बसलेल्या बाईला मात्र "तू जेवलीस का, रात्री झोपलीस का?" असं कोणी विचारत नाही. आम्ही विचारलं की पुष्कळदा ती बोलण्याआधी रडते.

मेंदूला जबर इजा झाली की माणूस वाचतो, पण पहिल्यासारखा होईलच असं नाही. कोणी डोळे उघडे ठेवून पडून असतो, पण ओळख देत नाही. कोणी चालतो-बोलतो, पण विसरतो, शिव्या देतो, अंगावर धावतो. ही करणी नव्हे, मागल्या जन्माचं पापही नव्हे. राग आवरणारा, आठवण ठेवणारा मेंदूचा भाग दुखावलेला असतो. माणूस गेला तर आपण पुण्यानुमोदनाला जमतो. माणूस समोर आहे पण पहिला राहिला नाही, या दुःखाला मात्र कोणी येत नाही. ते दुःखही खरंच आहे. त्यात रडू येणं, चीड येणं हा गुन्हा नाही.

पडून असलेल्या रुग्णाला साधारण दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते, रात्रीसुद्धा. हे एकटीनं करता येत नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी हल्ला झाला. गळा आवळल्यानं मेंदूचा प्राणवायू तुटला. १८ मे २०१५ रोजी मृत्यू होईपर्यंत तिथल्या परिचारिकांनी त्यांना सांभाळलं. इतकी वर्षं पाठीला जखम होऊ दिली नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या २०११ च्या निकालातही आलं आहे. हे पाळ्या लावून झालं. शिकलेल्या परिचारिकेलाही पाळी संपली की घरी जाऊन झोपावं लागतं. मग आपल्या घरातल्या सुनेची पाळी कधी संपते?

विनयपिटकातल्या महावग्गात आजारी भिक्खूची कथा आहे. घाणीत पडलेल्या त्या भिक्खूला भगवंतांनी आनंदाच्या मदतीनं धुतलं. एकानं डोक्याकडून, एकानं पायाकडून धरून त्याला उचललं. तिथंही दोघं होते.

म्हणून एवढं करा :

घरातल्या सगळ्यांच्या पाळ्या ठरवा, पुरुषांच्यासुद्धा. कूस बदलणं, बसवून भरवणं हे किमान दोघांनी नर्सताईंकडून शिकून घ्या. सांभाळणाऱ्या व्यक्तीला रोज सलग पाच-सहा तास झोप मिळू द्या. तिच्या बीपी-शुगरच्या गोळ्या चुकू देऊ नका. विहारातल्या महिला मंडळानं आठवड्यातून दोन दुपारी तिची जागा घ्यावी.

झोप उडाली, जेवण तुटलं, रुग्णावर हात उगारला जाऊ लागला किंवा "मरून जावं" असं मनात आलं, तर थांबू नका. १४४१६ या टेली-मानसच्या नंबरवर दिवसरात्र फुकट, मराठीत बोलता येतं. मरणाचा विचार येत असेल तर तिला एकटं सोडू नका, सरकारी दवाखान्यात घेऊन जा.

पैशाची काळजीही माणसाला पोखरते. रुग्णाचं दिव्यांग प्रमाणपत्र काढा. अटींत बसत असाल तर संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसीलला द्या. वाहनाचा अपघात असेल तर भरपाईच्या दाव्याला कायद्यात सहा महिन्यांची मुदत आहे, उशीर करू नका. महिलांना आणि अनुसूचित जातीच्या लोकांना विधी सेवा समितीकडून वकील मोफत मिळतो.

पुढच्या वेळी अशा घरी गेलात तर रुग्णाची चौकशी जरूर करा. मग बाजेजवळच्या बाईला म्हणा, "ताई, तू जरा पड. तासभर मी बसते."

जयभीम!